केलावातला वन्स मोअर

बोर्निओच्या अरण्यात, दरीवर बांधलेल्या लाकडी मचाणावर उजाडायच्या आत पोचल्याबरोबर 'हमखास सहली'च्या मंडळींनी पहिलं काम काय केलं असेल, तर पुढच्या बाकांवर रुमाल टाकले. मराठी माणूस जगाच्या पाठीवर कुठंही जावो, नाट्यगृहातल्या सवयी काही तो घरी ठेवून येत नाही. कुणीतरी चिवड्याची पिशवी फोडली. मागच्या बाकावर दोघींची कुजबूज सुरू झाली. नाडकर्णी काकांनी "सगळ्यांना सारखं दिसेल ना?" असं पुन्हा एकदा विचारून घेतलं. मग सहलीची प्रमुख शलाका मगदूम हिनं तोंडावर बोट ठेवलं, तेव्हा कुठं शांतता झाली.

शलाकाचे वडील, सांगलीच्या शाळेतले निवृत्त भूगोल शिक्षक मगदूम सर, मधल्या बाकावर बसले होते. आयुष्यभर त्यांनी पोरांना विषुववृत्तीय वर्षावनं शिकवली, पण फळ्यावरच्या खडूच्या नकाशापलीकडे स्वतः कधी गेले नव्हते. आई गेल्यानंतर चार वर्षं मागे लागून यंदा शलाकानं त्यांना सहलीत आणलंच. ते "येतो" म्हणाले आणि वर म्हणाले, "उज्ज्वलाताईंचंही नाव घाल. फिरायच्या ग्रुपमधल्या आहेत. मिरजेला नर्स होत्या." शलाकानं नाव घातलं. मात्र बसमध्ये, विमानात, जेवणाच्या टेबलावर उज्ज्वला शिरगुप्पे यांची जागा अप्पांपासून, म्हणजे वडिलांपासून, चार माणसं सोडून कशी येईल, हेही तिनं पाहिलं. कुणी विचारलं असतं तर तो योगायोग आहे, असं तिनं शपथेवर सांगितलं असतं.

दरीतलं धुकं पांढरं झालं आणि समोरच्या उंच मेंगारिसच्या झाडावरून पहिला सूर आला.

केलावात म्हणजे तिकडचा गिबन. शेपटी नसलेला, करड्या लोकरीचा, हात पायांपेक्षा लांब. या रानातल्या नराला सगळे आबांग म्हणत, म्हणजे थोरला भाऊ. आबांग एकटा गायला लागला, साधी, सरळ, मधेच थबकणारी हाक. शलाकानं मांडीवरच्या छोट्या इलेक्ट्रॉनिक पाटीवरचं हिरवं बटण दाबलं. झाडाच्या फांदीला दोरानं टांगलेल्या एका शेवाळी रंगाच्या पेटीतून मादीचा आवाज निघाला. तो खालच्या पट्टीत सुरू झाला, चढत गेला, चढतच गेला, आणि शिखरावर पोचून बुडबुडे फुटावेत तसा फुटला. तो संपतो न संपतो तोच आबांगनं आपला छोटासा तुकडा त्याला जोडून दिला, गायिकेच्या तानेला साथीदार शेवटी समेवर हात देतो तसा. सगळी दरी भरून गेली. मागच्या बाकावरच्या दोघी चिवडा हातात धरून तशाच बसल्या होत्या.

गाणं संपलं, आणि मधल्या बाकावरून खणखणीत आवाज आला, "वन्स मोअर!"

मगदूम सर उभे राहिले होते. सांगलीच्या नाट्यगृहात तरुणपणी ज्या आवाजात ते ओरडत, त्याच आवाजात. लगेच साऱ्या बाकांनी तो उचलून धरला. "वन्स मोअर! वन्स मोअर!" शलाकानं वडिलांकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावरचा असा आनंद तिनं कितीतरी दिवसांत पाहिला नव्हता. पलीकडे कठड्याशी या रानाची अभ्यासक मारियाना कानामागे हात धरून उत्तरेच्या डोंगराकडे तोंड करून उभी होती, आणि दुसरा हात तिनं 'थांब' म्हणून वर केला होता. शलाकाला तो हात दिसला. तरीही तिनं बटण दाबलं.

दुसऱ्या खेपेला आबांग गायलाच नाही. तो फांद्यांवरून झोके घेत थेट पेटीपर्यंत आला. आवाज चालू असताना तिच्याभोवती हात टाकून बसला आणि बोटांनी तिच्या कडेचं शेवाळ हळूहळू वेचू लागला, जोडीदाराच्या अंगावरची लोकर साफ करावी तसं. मंडळींचे फोन वर गेले. कुणीतरी "अय्या, किती गोड!" म्हणालं. मगदूम सर मात्र हळूच खाली बसले.

न्याहारीला सहलीच्या आचाऱ्यानं कांदेपोहे केले होते, वर बोर्निओचा ओला नारळ. मारियानानं बशी बाजूला सारली. दरवर्षी सहली घेऊन येऊन शलाकाची तिच्याशी चांगली मैत्री झाली होती, म्हणून ती आडपडदा न ठेवता बोलली.

"आज तुझ्या लोकांनी तिला बुडवलं."

"कुणाला?"

"उत्तरेच्या डोंगरावर एक तरुण मादी आलीये. एकटीच. आठवडाभर ऐकतेय मी. आबांगचं गाणं संपलं की ती सुरुवात करते. आज केली होती. तेवढ्यात तू दुसऱ्यांदा गेमा लावलीस, आणि ती गप्प झाली."

गेमा म्हणजे मलय भाषेत प्रतिध्वनी. त्या पेटीचं ते नाव. मात्र प्रतिध्वनी आपलंच बोलणं परत करतो, गेमा तसं करत नव्हती. या रानात चोरट्या वृक्षतोडीच्या करवतीचे आवाज टिपायला म्हणून झाडोझाडी माइक बसवले होते. ते रात्रंदिवस ऐकत आणि त्यांत केलावातची गाणीही साठत गेली. दर मादीची तान वेगळी असते, आपल्या अंगठ्याच्या ठशासारखी. आबांगची जोडीदारीण बुंगा, तिची हजारो गाणी त्या साठ्यात होती. यंत्रानं ती ऐकून बुंगाच्या गळ्याचं चलन शिकून घेतलं. पाऊस पडून गेल्यावर ती कशी गायची, फळं पिकली की कशी, शेजारची जोडी सीमेवर आली की कशी. आता यंत्र जुनं गाणं वाजवत नसे, नवं रचत असे. आबांग काय म्हणतो ते ऐकून, त्याच क्षणी, बुंगानं जे उत्तर दिलं असतं ते देत असे.

बुंगा वादळात फांदीखाली सापडून मेली होती. एकट्या पडलेल्या नराची हद्द शेजारचे बळकावतात, म्हणून अभ्यासकांनी काही आठवड्यांपुरती गेमा लावली. शेजाऱ्यांना वाटावं, जोडी जागेवर आहे. तोवर अतिथीगृहाच्या मालकाच्या लक्षात आलं की पाहुणे या गाण्यासाठी पुन्हा पुन्हा यायला तयार आहेत. पूर्वी माणसं अर्धं जग ओलांडून यायची आणि जळवा, घाम नि हिरवा अंधार पाहून परत जायची. आता सगळ्या वर्षावनांत अशी यंत्रं झाली होती. कुठं धनेश हमखास, कुठं ओरांगउटान हमखास. शलाकाच्या कंपनीनं तर तो शब्द नावातच घेतला होता. काही आठवड्यांची गेमा दोन वर्षं चालली.

"म्हणजे आबांगला वाटतं, बुंगा जिवंत आहे?" शलाकानं विचारलं.

"त्याला काय वाटतं ते मला ठाऊक नाही. त्या मादीला काय वाटतं ते ठाऊक आहे. तिला इथं मालकीण आहे असं ऐकू येतं. म्हणून ती डोंगर उतरत नाही. आणखी दोन-चार दिवस वाट बघेल नि पुढं जाईल. सगळ्या बाजूंनी तेलताडाचे मळे झालेत, शलाका. एकटी मादी इथवर पुन्हा कधी पोचेल मला सांगता येत नाही. आबांगचंही वय होत चाललंय."

"मग बंद कर ना गेमा."

"मालक म्हणतात, पाहुण्यांनी नको म्हटलं तरच बंद. तुमच्यानंतर सगळा हंगाम भरलेला आहे, त्यातलं कोण नको म्हणणार? उद्या आणि परवा, एवढ्या दोन सकाळी तुमच्या हातात आहेत. एकदा जोडी जमली की गेमा लावून उपयोगच नाही. खरी मादी खोटीला टिकू देत नाही."

शलाकानं पुण्याला कंपनीच्या पराडकर साहेबांना फोन लावला. ते शांतपणे ऐकून घेऊन म्हणाले, "बाई, पत्रकाच्या पहिल्या पानावर केलावातची जुगलबंदी आहे. तीन सकाळी म्हटलंय. दाखवू म्हटलं ते आपण दाखवतो, म्हणून लोक आपल्याकडं येतात. तुम्हीच नव्या मुलांना हे शिकवता ना?" ते खरंच होतं. शिकवताना तिचा आवाज किती ठाम असायचा, तेही तिला आठवलं.

दुपारी धबधब्यावर जायचं होतं. सात पायऱ्यांनी उतरणारा तो धबधबा पाहून मंडळी सकाळचं सगळं विसरली. पाण्यात पाय सोडून, "आपल्या आंबोलीसारखंच आहे की!" असं म्हणून त्यांनी बोर्निओला आपल्यात घेऊन टाकलं. मगदूम सर एका खडकावर बसून उज्ज्वलाताईंना सांगत होते की इथं रोज दुपारी पाऊस का पडतो, हवा तापून वर कशी जाते. उज्ज्वलाताई म्हणाल्या, "सर, परीक्षा घेणार असाल तर आत्ताच सांगा, मी वही आणलेली नाही." अप्पा मोठ्यानं हसले.

शलाका टॉवेल घेऊन मधे आली. "अप्पा, डोकं पुसा आधी. गोळी घेतलीत का?"

"घेतलीये त्यांनी," उज्ज्वलाताई म्हणाल्या, "माझ्यासमोर."

साधंच वाक्य, पण शलाकाला ते झोंबलं. उज्ज्वलाताईंच्या ते लक्षात आलं असावं. "मी जरा पलीकडून फोटो घेते," म्हणून त्या उठून गेल्या. शलाका अप्पांशेजारी बसली, आणि मारियाना काय म्हणाली ते सगळं तिनं त्यांना सांगितलं.

"मी ओरडायला नको होतं सकाळी," सर म्हणाले. "पण एक सांग. त्या बिचाऱ्याला उत्तर मिळतंय की. रोज हाक मारतो, रोज ओ येते. मग बिघडलं कुठं? आपण कोण बंद करणारे?"

"उत्तर मिळतंय म्हणूनच बिघडलंय अप्पा! त्याला तेवढं पुरतं. दुसरं काही ऐकायची गरजच राहत नाही. आणि ती जी डोंगरावर थांबलीये, तिला वाटतं या घरात जागा नाही, हे घर भरलेलं आहे."

"घर भरलेलं आहे," सर म्हणाले.

पुढं ते इतक्या हळू बोलले की पाण्याच्या आवाजात शलाकाला वाकून ऐकावं लागलं.

"तुझी आई गेल्यापासून तू रोज सकाळी फोन करतेस. उठलात का, पाणी तापलं का, गोळी घेतलीत का, दूधवाल्याला पिशवी लावलीत का. तिचेच प्रश्न, त्याच क्रमानं. आवाजही तिच्यासारखाच आहे गं तुझा. खोटं कशाला बोलू, त्याच्यावरच जगलो मी पहिलं वर्ष. पण मागं एकदा उज्ज्वलाताई सकाळी फिरायला बोलवायला आल्या होत्या. दार उघडंच होतं. तुझा फोन स्पीकरवर चालू होता. त्या उंबऱ्याशी उभ्या राहिल्या, ऐकलं, नि परत गेल्या. नंतर मी विचारलं तर म्हणाल्या, 'तुमचं घर भरलेलं आहे, मगदूम सर.' हेच शब्द."

शलाकाला एकदम भरून आलं आणि त्याचा राग झाला. "म्हणजे मी पेटी आहे का, अप्पा?"

"तसं नाही गं..."

"चार वर्षं एक दिवस चुकवलेला नाही मी! विमानतळावरून, दवाखान्यातून, ताप असताना केलाय फोन. आणि ते सगळं तुम्हांला अडसर वाटत होतं?"

"अडसर नाही. पुरत होतं, एवढंच. तूच म्हणालीस ना आत्ता."

ती उठली आणि परतीच्या वाटेला लागली. अर्ध्या वाटेवर जळू चावल्याचं निमित्त करून ती मनसोक्त रडली. आई गेली तेव्हा बाराव्या दिवशी सगळे पाहुणे पांगले होते, अप्पा कॉटवर भिंतीकडं तोंड करून पडले होते, आणि काय करावं हे न कळून तिनं आईसारखं विचारलं होतं, "पाणी तापलं का?" अप्पा उठून बसले होते. तेव्हापासून ते थांबवायची तिला भीती वाटत आली होती. आणि अप्पांना आईचा आवाज लागत होता, हे जितकं खरं, तितकंच तिलाही तो स्वतःच्या तोंडून ऐकायला लागत होता. हे मात्र तिनं आजवर स्वतःशीसुद्धा कबूल केलं नव्हतं.

संध्याकाळी नदीकाठच्या गावात दुसून या तिथल्या आदिवासींचा नाच होता. घंटांच्या ठेक्यावर हात पंखांसारखे पसरून, पावलं जेमतेम उचलत ती माणसं नाचली, आणि आपल्या बायकांनीही पदर खोचून त्यांच्यात फेर धरला. नाच संपल्यावर चहाच्या वेळी शलाकानं मंडळींना सगळं सांगून टाकलं. उद्या गेमा लावायची नाही असं मी ठरवते आहे, आणि ते तुम्हांला पटलं नाही तर तक्रार माझ्या नावानं करा, असंही सांगितलं.

"हे काय भलतंच?" नाडकर्णी काका म्हणाले. "पत्रकात तीन सकाळी छापलंय. मी सगळ्यात पुढचं बाक उद्यासाठी ठरवलेलं होतं."

पण इतर मंडळींना या गोष्टीत निराळाच रस उत्पन्न झाला. चिवडेवाल्या दोघींपैकी थोरल्या बाईंनी विचारलं, "मुलगी दिसायला कशी आहे?"

"वयाचं काय? फार अंतर नको."

"त्याची बिजवराची बाजू झाली, पण हद्द चांगली आहे ना त्याची? फळझाडं वगैरे?"

मारियानानं शलाकाला विचारलं, हे लोक काय बोलताहेत? शलाका म्हणाली, "स्थळ बघताहेत." पाचच मिनिटांत अख्खी सहल मुलीकडची आणि मुलाकडची अशी वाटली गेली, आणि उद्या मचाणावर कुणीही शिंकायचंसुद्धा नाही असं ठरलं. नाडकर्णी काका मात्र जाता जाता शलाकाला म्हणाले, "आणि ती नाही आली म्हणजे? त्याचं जे होतं तेही तुम्ही काढून घेतलंत, असं होईल. विचार केलाय का?" तिनं केला होता.

दुसऱ्या सकाळी आबांग गायला. गाऊन थांबला. बुंगाची तान यायची ती वेळ आली आणि गेली. त्यानं पुन्हा सुरुवात केली, पुन्हा थांबला. पाटी शलाकाच्या पिशवीत होती आणि पिशवीची चेन ती घट्ट धरून बसली होती. आबांगची हाक प्रत्येक खेपेला लांबत गेली, शेवटी शेवटी तर ती हाक राहिलीच नाही, नुसताच किंचाळणारा आवाज झाला. उत्तरेचा डोंगर गप्प होता. मग आबांग पेटीशी आला, तिला हलवलं, कान लावला, तिच्याभोवती हात टाकून बसला. मंडळी खाली माना घालून उठली. थोरल्या बाई डोळे पुसत होत्या. सर शलाकाजवळ आले, पण त्या दोघांचं कालपासून बोलणं नव्हतं. सकाळी ती त्यांच्या खोलीवरही गेली नव्हती. ते तसेच पुढं गेले.

दिवसभर आबांग तिथून हलला नाही. जवळच अंजिरांनी लगडलेलं झाड होतं, त्यालाही त्यानं हात लावला नाही. मारियाना संध्याकाळी सांगायला आली तेव्हा तिचाही चेहरा उतरला होता. "मी चुकले असेन," ती म्हणाली. "ती पुढं निघून गेली असेल." पराडकर साहेबांचा निरोप येऊन पडला होता: तक्रार पोचली आहे, उद्याचं गाणं चुकता कामा नये, परत आल्यावर भेटा.

तिसऱ्या सकाळी मचाणावर कुणी रुमाल टाकले नाहीत. उज्ज्वलाताई झुलत्या पुलाच्या अलीकडंच थांबल्या. पूल हलला की गरगरतं म्हणाल्या, पण आधीच्या दोन सकाळी काही त्यांना गरगरलं नव्हतं. सर एकटेच आले आणि कठड्याशी उभे राहिले.

उजाडलं. आबांग पेटीपाशी बसलेला होता. तो गायला नाही. दोन वर्षांत पहिल्यांदाच या झाडावरून सकाळची हाक उठली नाही, असं मारियाना कुजबुजली. सूर्य वर आला, धुकं विरायला लागलं, आणि उत्तरेच्या डोंगरावरून तान आली.

बुंगाची नव्हे. हिचा सूर कोवळा होता, थोडा चिरका, आणि चढताना एका जागी अडखळणारा. ती चढली, शिखराजवळ आली आणि मधेच तुटली. कुणी साथ दिली नाही की केलावात मादी तान अर्धवट सोडते. आबांगनं मान वळवली आणि पुन्हा पेटीला गाल लावला.

दुसऱ्यांदा तान आली, पहिलीहून दूर.

"जातेय ती," मारियाना म्हणाली.

नाडकर्णी काका शलाकाच्या कानाशी आले. आज त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. "बाई, एकदाच लावा. त्याच्यासाठी. बघवत नाही हो."

शलाकाचा हात पिशवीत गेला. हिरवं बटण दाबलं की तो उठून बसेल, हे तिला नक्की माहीत होतं. भिंतीकडं तोंड केलेलं माणूस उठून बसतं. किती सोपं होतं ते, किती मायेचं वाटत होतं. आणि आवाज थांबवून काही होत नव्हतं, कारण पेटी तिथं होती तोवर त्याच्या लेखी बुंगाही तिथं होती, फक्त बोलत नव्हती.

तिनं हात बाहेर काढला, मचाणाच्या कडेला गेली आणि पेटीचा दोर सोडायला लागली. दुरुस्तीसाठी पेटी खाली मचाणाकडं घ्यायची कप्पी होती तिथं. दोर भिजून जड झाला होता. तिच्या हातांना तो पेलेना, तेव्हा मागून आणखी दोन हात आले. अप्पांचे. दोघांनी मिळून तो हळूहळू सैल केला.

पेटी आबांगच्या मिठीतून सुटली. तो ओरडला. फांदीवरून फांदीवर, पेटीच्या मागोमाग तो खाली उतरत आला, इतका जवळ की त्याच्या काळ्या चेहऱ्याभोवतीची पांढरी लोकर आणि ओले डोळे सगळ्यांना दिसले. कुणीही फोन वर केला नाही. मारियानानं पेटी दोरातून सोडवून आत ओढून घेतली आणि शलाकानं आपला रेनकोट काढून तिच्यावर टाकला. आबांगनं एक लांब हात पुढं केला, रिकाम्या दोराला धरून पाहिलं, हुंगलं. मग तो शलाकाकडं बघत राहिला. आपण एका जिवाचं माणूस दुसऱ्यांदा मारलं, असं तिला त्या क्षणी वाटलं, आणि पुढं आयुष्यभर तसं वाटत राहिलं असतं तरी तिनं कुणाला दोष दिला नसता.

अप्पांनी दोराचं टोक अजून घट्ट धरून ठेवलं होतं.

तिसऱ्यांदा तान आली. अगदी दूर, डोंगराच्या पाठीवर कुठंतरी. ती चढली, अडखळायच्या जागी अडखळली, पुढं सरकली, शिखराजवळ आली. आबांगनं डोकं उचललं. ती तान तुटायच्या जागी पोचली तेव्हा साऱ्या मचाणानं श्वास धरला होता.

आबांगनं तोंड उघडलं आणि साथीचा तो छोटा तुकडा टाकला. बेसूर, घोगरा, आदल्या सकाळी ओरडून बसलेल्या गळ्याचा. पण टाकला.

डोंगरावर क्षणभर काहीच नाही. मग घाईघाईनं, जणू विश्वास न बसून, तान पुन्हा सुरू झाली, आणि या खेपेला ती तुटली नाही. आबांगनं दोर सोडून दिला. मंडळींना पुढं काही दिसलं नाही, फक्त उत्तरेकडं एकामागून एक झाडांचे शेंडे हलत गेले आणि मग तेही थांबले. थोरल्या बाईंनी मारियानाला गच्च मिठी मारली. नाडकर्णी काका चष्मा पुसत म्हणाले, "दिसलं काहीच नाही हो," आणि पुसतच राहिले.

शलाकानं वडिलांच्या हातातला दोर काढून घेतला. त्यांच्या तळव्यावर लाल वळ उठले होते. काहीतरी लावा, औषध आणते, बसा इथं, असं सगळं तिच्या जिभेवर आलं. तिनं ते गिळलं. फार जड गेलं.

"अप्पा," ती म्हणाली, "उज्ज्वलाताई पुलापलीकडं एकट्याच थांबल्यात. तुम्ही व्हा पुढं. त्यांना सांगा काय झालं ते."

"आणि तू?"

"माझं मी बघते."

सरांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, ती शाळेत असताना निकालाच्या दिवशी ठेवत तसा, आणि पुलाकडं निघाले. पूल त्यांच्या पावलांनी हलायला लागला. पलीकडं उज्ज्वलाताई बाकावरून उठून उभ्या राहिल्या. शलाकाला वाटलं, अप्पा एकदा तरी मागं वळून बघतील. त्यांनी बघितलं नाही. ते तिला फार लागलं, आणि बरंही वाटलं.